थेंब पडण्याआधी

शहापूर तालुक्यातल्या माणसाला पाण्याची गळती समजावून सांगावी लागत नाही. तानसा धरण १८९२ पासून आमच्या तालुक्यात उभं आहे. भातसाही इथलंच, मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातला जवळपास अर्धा वाटा त्याचा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या नळांवर एखाद्या व्हॉल्व्हपाशी पाणी ठिबकत असलं की तिथे हंडे-कळश्या लागतात. एकाची नासाडी ती दुसऱ्याची सोय, अशी गळती आम्ही लहानपणापासून पाहिली आहे.

पण एक गळती अशीही असते जी कुणाच्याच सोयीची नाही. ती संगणकाच्या पेटीत होते. तिथे एकूण पाणी लिटरभर, आणि नुकसान करायला त्यातला एक थेंब पुरतो. यंदा फेब्रुवारीपासून आमच्या घरात याच गळतीची चर्चा चालली, म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

माझा भाचा लग्नांचे व्हिडिओ करतो. शूटिंग वासिंदपासून मुरबाडपर्यंत कुठेही. एडिटिंग मात्र घरी, वरच्या खोलीत, पत्र्याखाली. एप्रिल-मे हा त्याचा हंगाम आणि त्याच दोन महिन्यांत ती खोली भट्टी होते. जुना संगणक दुपारी तापून संथ व्हायचा, कधी मध्येच बंद पडायचा. म्हणून त्याने नवा जोडायला घेतला. दोन हंगामांची बचत आणि माझ्या बहिणीच्या बांगड्यांवर काढलेलं सोनेतारण कर्ज, असे पैसे उभे राहिले. त्यातली सगळ्यात महाग वस्तू ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पाण्याने थंड ठेवायचे, असं त्याने ठरवलं होतं.

बहीण माझ्याकडे आली. "भाई, विजेच्या डब्यात पाणी घालतोय हा मुलगा. तुम्हीच बोला त्याच्याशी."

मी बोललो. पहिला प्रश्न विचारला की पाण्याची गरज आहे का? कारण पाणी थंडावा तयार करत नाही, फक्त उष्णता वाहून नेतं. प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या आतल्या केसासारख्या खाचांतून पाणी जातं, उष्णता घेतं, नळीतून रेडिएटरमध्ये येतं, तिथे पंखे ती उष्णता बाहेर टाकतात आणि पंप पाणी पुन्हा फिरवतो. मोटारीच्या इंजिनात जे चालतं तेच. खोलीत चाळीस अंश असतील तर हे पाणी चाळिसाच्या खाली येणार नाही. साध्या कामाला चांगला एअर कूलर पुरतो, त्यात नळ्या-पंपाची भानगड नाही आणि कर्जही थोडं कमी होतं.

त्याचं उत्तर तयार होतं. "मामू, प्रोसेसर आणि कार्ड मिळून पाचशे वॉट उष्णता टाकतात, तीसुद्धा सलग पाच-सहा तास. पंखे पूर्ण वेगाने फिरले की आवाज एवढा होतो की निकाहचा खुत्बा नीट ऐकू येत नाही, मग साउंड काय जुळवणार?" हिशोब मी कागदावर मांडून पाहिला. मिनिटाला साडेतीन लिटर पाणी फिरत असेल तर पाचशे वॉट घेऊन ते एका फेरीत जेमतेम दोन अंशांनी तापतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्यात उष्णता साठवण्याची ताकद तीन हजार पटींहून जास्त आहे. मोठ्या रेडिएटरवर पंखे मग सावकाश फिरवले तरी चालतात. त्याचं म्हणणं मला पटलं. प्रश्न उरला तो बहिणीचाच, पाणी बाहेर आलं तर काय?

ही भीती उगाच नव्हती. ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत तयार बंद कूलर बसवला होता, ज्यात पाणी कारखान्यातच भरून येतं. तिसऱ्या वर्षी त्याच्या नळीच्या मुळाशी ओल आली. खाली ग्राफिक्स कार्ड होतं, ते गेलं. विकणाऱ्याने कूलर बदलून दिला, कार्डाचं नाव काढलं नाही. वॉरंटीच्या कागदात पाण्याने झालेलं नुकसान सहसा धरलेलंच नसतं. बांगड्या ज्यावर ठेवल्या त्या वस्तूबद्दल हे ऐकल्यावर बहिणीची झोप उडाली तर नवल नाही.

इथे अब्बा आले. चाळीस वर्षं त्यांनी शहापूर-आसनगावात प्लंबिंग केलं. आता गुडघे चालत नाहीत, पण रमजानआधी मशिदीच्या वुजूखान्यातल्या तोट्यांचे वायसर ते अजून स्वतः बदलतात. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी जातं, हे त्यांनी तोटीखाली डबा ठेवून मोजलेलं आहे. टँकरच्या तालुक्यात चार लिटर म्हणजे एका माणसाचं प्यायचं पाणी.

भाच्याने सगळं सामान चटईवर मांडलं. अब्बांनी ते न्याहाळलं आणि सांधे मोजायला सुरुवात केली. दोन ब्लॉकचे चार, रेडिएटरचे दोन, पंप आणि टाकीचे दोन, पाणी काढायच्या तोटीचे दोन. दहा फिटिंग. प्रत्येक फिटिंगला दोन बाजू, एक आट्यांची आणि एक नळीची. म्हणजे पाणी बाहेर येऊ शकेल अशा वीस जागा. नळी मधूनच फुटल्याचं क्वचित घडतं; पाणी येतं ते सांध्यातून. भाच्याने दिसायला छान म्हणून काटकोनात वळणाऱ्या चार फिटिंग वेगळ्या आणल्या होत्या. अब्बा म्हणाले, "बेटा, या परत कर. नळी वळते ना? मग सांधा वाढवू नकोस." चार फिटिंग गेल्या, गळतीच्या जागा तेवढ्या कमी झाल्या.

सामानात टेफ्लॉन टेपही होती, दुकानदाराने बरोबर दिलेली. अब्बांनी फिटिंगचे आटे चष्म्याजवळ धरून पाहिले आणि टेप बाजूला ठेवली. घरच्या जीआय पाइपचे आटे टोकाकडे निमुळते होत जातात. आवळत गेलं की ते एकमेकांत रुततात, आणि उरलेली फट सूत-सफेदा किंवा टेप भरून काढते. तिथे पाणी आट्यांतच अडतं. संगणकाच्या फिटिंगचे आटे, ज्यांना जी-एक-चतुर्थांश म्हणतात, ते सरळ असतात. त्यांचं काम फक्त फिटिंग धरून ठेवायचं. पाणी अडवते ती बुडाशी असलेली रबराची ओ-रिंग. टेप गुंडाळली तर फिटिंग पूर्ण खाली बसत नाही, ओ-रिंग नीट दाबली जात नाही, आणि टेपचे तुकडे सुटून ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतात.

याच कारणाने पान्याचंही काम नाही. हाताने बसेपर्यंत फिरवायचं, मग अगदी थोडं आणखी. जोर लावला की दोन गोष्टी होतात. ओ-रिंग चेपून खाचेतून बाहेर येते, किंवा अ‍ॅक्रेलिकच्या टाकीला केसाएवढी चीर जाते. ती चीर पहिल्या दिवशी गळत नाही, महिन्याभराने गळते. बसवण्याआधी ओ-रिंगवर धूळ, केस, प्लास्टिकची कुसळं नाहीत हे पाहायचं आणि ती ओली करायची, डिस्टिल्ड पाण्याने किंवा सिलिकॉन ग्रीसने. व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल चालत नाही, कारण ईपीडीएम नावाचं जे रबर इथे पुष्कळदा वापरतात, ते खनिज तेलाने फुगतं.

नळीबद्दलही असंच. काचेसारख्या कडक पारदर्शक नळ्या फोटोत सुंदर दिसतात. पण त्यांचं कापलेलं टोक धारदार राहिलं तर आत सारताना तेच टोक ओ-रिंग कापतं, म्हणून कड पॉलिश पेपरने मोडावी लागते. शिवाय पीईटीजी नावाचं प्लास्टिक अ‍ॅक्रेलिकपेक्षा लवकर मऊ पडतं, आणि पत्र्याखालच्या एप्रिलमध्ये पाणी पन्नाशी गाठू शकतं. आम्ही काळी, मऊ ईपीडीएमची नळी घेतली. नव्या ब्लेडने सरळ काप, फिटिंगच्या तळापर्यंत दाबून बसवणं आणि वरून कडं आवळणं, एवढंच तिचं काम. तिरका काप असेल तर नळी एका बाजूला कमी बसते आणि तिथूनच सुटते.

पाणी कोणतं घालायचं यावर घरात बराच वाद झाला. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते बाद. फिल्टरचं पाणीही डिस्टिल्ड नव्हे. "शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, मग गळलं तरी काय बिघडतं?" असं भाच्याच्या मित्राने सांगितलं होतं. हे अर्धंच खरं आहे. डिस्टिल्ड पाणी बाटलीत असतं तेव्हा वीज जवळपास वाहून नेत नाही. पण तांब्या-पितळेतून महिनाभर फिरलं की त्यात धातूचे अंश मिसळतात, आणि बाहेर पडलेला थेंब बोर्डावरची धूळही घेतो. तेव्हा पाण्याच्या शुद्धतेवर भिस्त ठेवायची नाही. आम्ही गंज रोखणारं आणि शेवाळ न धरणारं तयार कूलंट घेतलं. आणि रेडिएटर तांब्याचा आहे याची खात्री केली. स्वस्तातले काही रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि काही महिन्यांनी आतून भोक पडतं. तिथे सांधा कितीही चांगला असून काय उपयोग?

आता मुख्य गोष्ट. जुळवणी कितीही नेटकी असली तरी सांधा पाणी धरतो का, हे बघून कळत नाही. ते तपासून कळतं, आणि तपासणी वीज देण्याआधी करायची असते. अब्बांच्या धंद्यात भिंतीत पुरलेल्या पाइपलाइनवर गिलावा चढवण्याआधी तिला दाब देऊन काटा पाहतात. गिलाव्यानंतर गळती सापडली तर भिंत फोडावी लागते. संगणकात गिलावा म्हणजे वीज.

पहिली तपासणी हवेची. सायकलच्या पंपासारखा छोटा हातपंप आणि त्याला दाब दाखवणारा काटा, असं साधन मिळतं. कोरड्या यंत्रात साधारण अर्धा बार दाब भरायचा, म्हणजे पाच मीटर उंचीवरच्या टाकीचा असतो तेवढा. त्याहून जास्त नको. टाकी आणि रेडिएटर त्यासाठी बनवलेले नसतात. मग अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. हवा गळली तर काही भिजत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. एक लक्षात ठेवायचं की बंद हवा तापली किंवा गार झाली तरी काटा किंचित हलतो, म्हणून हे काम उन्हाच्या तिरपीत करू नये.

आमचा काटा हलला नाही, घसरला. दहा मिनिटांत अर्ध्यावरून खाली येत राहिला. भाच्याचा चेहरा पडला. त्याला ब्लॉकच फुटका वाटला. अब्बांनी त्याला नळी मधून सोडायला लावली आणि दोन्ही तोंडं बूच लावून बंद केली. लाइन अर्धी करायची, जी अर्धी दाब धरते ती सोडून द्यायची, उरलेली पुन्हा अर्धी करायची. तिसऱ्या वेळी रेडिएटरचं एक फिटिंग हाती आलं. त्याची ओ-रिंग खाचेत पिळली गेली होती. काढली, पुसली, ओली करून सरळ बसवली. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. ही गोष्ट पाणी भरून, वीज देऊन कळली असती तर तिची किंमत बांगड्यांत मोजावी लागली असती.

दुसरी तपासणी पाण्याची. यात वीज फक्त पंपाला द्यायची. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सगळ्यांच्या वायरी एसएमपीएसपासून काढून ठेवायच्या. एसएमपीएस एकटा चालू करायला तयार जंपर प्लग मिळतो, तो चोवीस पिनांच्या कनेक्टरला लावतात. प्रत्येक फिटिंगखाली पांढरा टिश्यू पेपर गुंडाळायचा, कारण डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर लगेच दिसते. टाकी भरून पंप काही सेकंद चालवायचा, पातळी उतरली की थांबवून पुन्हा भरायची; पंप कोरडा फिरवायचा नाही. हवेचे बुडबुडे निघेपर्यंत पेटी हळूच इकडे-तिकडे कलवायची. मग पंप रात्रभर चालू. सकाळी फजरनंतर आम्ही टॉर्च घेऊन एकेक कागद पाहिला. सगळे कोरडे होते. तरी अब्बांनी दिवसभर आणखी चालवायला लावला. आम्हाला घाई करायचं कारण नव्हतं, पहिलं लग्न तीन आठवड्यांवर होतं.

मांडणीतही थोडा विचार केला. कार्डाच्या वर किंवा एसएमपीएसच्या डोक्यावर शक्यतो सांधा नको. वायरी सॉकेटकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्यायच्या, म्हणजे थेंब आलाच तर वायरीवरून ओघळून झोळात पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी काढायची तोटी सगळ्यात खालच्या जागी. आणि घरात सर्वांना सांगून ठेवलं की ओल दिसली तर माऊस शोधत बसू नका, आधी भिंतीवरचं बटन बंद करा.

ही काळजी मोठ्या यंत्रांनाही चुकलेली नाही. १९७६ मध्ये पहिला क्रे-१ महासंगणक लॉस अ‍ॅलामॉसला गेला. तो फ्रिऑन वायूने थंड व्हायचा. सुरुवातीला त्या वायूत मिसळलेलं कंप्रेसरचं तेल सांध्यांतून झिरपून सर्किट बोर्डांवर साचत होतं आणि बोर्ड शॉर्ट होत होते. नळ्या सांधायची नवी रीत बसवावी लागली आणि यंत्र सहा महिने लांबलं. आपल्या पुण्यात आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म महासंगणकातही चिपजवळून द्रव फिरवूनच उष्णता काढतात. मोठ्या डेटा सेंटरांनी गळतीवर आणखी उपाय काढले आहेत. जोड सुटताच दोन्ही तोंडं आपोआप बंद होणारी फिटिंग असतात. नळ्यांखाली ओल लागताच इशारा देणारी केबल पसरलेली असते. काही ठिकाणी पाणी ढकलण्याऐवजी ओढतात, म्हणजे नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब राहतो. अशा नळीला चीर पडली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते.

अशी डेटा सेंटरं आमच्यापासून लांब नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसी पट्ट्यात ती उभी आहेत, आणि त्या पट्ट्याला पाणी बारवी धरणाचं येतं. त्या धरणाखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या आहेत. चिपवरून फिरणारं पाणी बंद चक्रातच राहतं. त्याच्या थेंबाथेंबावर पहारा असतो. पण इमारतीवर कूलिंग टॉवर असेल तर तिथून पाणी वाफ होऊन रोज जातं. त्याला कुणी गळती म्हणत नाही. मुंबईत तर महापालिकेच्याच हिशोबाने पुरवठ्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त गळती आणि चोरीत जातो. जिथे थेंबाने लाखाचं यंत्र मरतं तिथे माणूस वीस जागा वीस वेळा तपासतो. हेच डोळे तानसाच्या नळावर आणि पाड्याच्या टाकीवर असते तर किती हंडे भरले असते, असं त्या रात्री पंपाची घरघर ऐकताना माझ्या मनात येत राहिलं. तंत्र अवघड नाही. सांधे मोजा, दाब द्या, काटा बघा, लाइन अर्धी करा. फरक एवढाच की संगणकातल्या थेंबाची किंमत कुणाला तरी भरावी लागते, म्हणून तिथे कुणीतरी जागं राहतं.

भाच्याचं यंत्र एप्रिलभर चाललं. मधल्या एका आठवड्यात टाकीतली पातळी नखभर उतरली, तेव्हा बहीण पुन्हा घाबरली. पण सगळे सांधे कोरडे होते. रबराच्या नळीतून पाण्याची वाफ अगदी हळू झिरपते, त्यामुळे वर्षभरात थोडं पाणी घालावंच लागतं. झटकन उतरली तर गळती, महिन्यामहिन्याने उतरली तर नळीचा स्वभाव. हे ओळखता यावं म्हणून भाच्याने टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख घातली. पावसाळ्यात कुणी रेडिएटरला बर्फ लाव किंवा पाणी एसीने गार कर असं सुचवलं तर ऐकू नकोस, हेही त्याला सांगितलं. पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार झालं की जुलैच्या दमट हवेत नळीवर बाहेरून दव धरतं, आणि बोर्डाला ते पाणी आतून आलं की बाहेरून याच्याशी देणंघेणं नसतं.

अब्बांचा शेवटचा प्रश्न ओ-रिंगबद्दल होता. "रबर आहे. आज मऊ आहे, दोन-तीन वर्षांनी कडक होईल. तेव्हा बघणार कोण?" भाच्याने पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. सहा महिन्यांनी सांधे टॉर्चने बघायचे, वर्षाने कूलंट बदलायचं, दोन वर्षांनी ओ-रिंग नव्या घालून पुन्हा हवेचा दाब द्यायचा. प्रत्येक ओळीपुढे तारीख आहे आणि सहीला जागा सोडली आहे. पहिल्या ओळीपुढे त्याने अब्बांची सही घेतली.